खानापूरच्या पावसात एक होडी: मुलाच्या खोलीतल्या फर्निचरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे काम खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या अंगाला असलेल्या एका गावातलं. बेळगावात माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. मी, दोन मिस्त्री, एक हेल्पर आणि गरज पडली की बाहेरून पेंटर. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय. नावं गाळलीत आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कौलं. खाली आजी-आजोबा, माडीवर मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मोठा सहा वर्षांचा, जूनपासून पहिलीत जाणार. धाकटी तीन वर्षांची, भावाच्या मागे सावलीसारखी. माडीवर पश्चिमेच्या अंगाला दहा बाय अकरा फुटांची एक खोली होती. तिथे तोवर जुन्या ट्रंका आणि बियाण्याची पोती असायची. ती पोराला द्यायचं ठरलं.

होडीचं खूळ मालवणहून आलं. दिवाळीच्या सुट्टीत सगळे आंबोलीमार्गे मालवणला गेले, होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाऊन आले, किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना बघितली. परत आल्यापासून पोरगा जेवायचा पाट उलटा टाकून त्यात बसायचा आणि लाटण्याने वल्हवायचा. आईने मला फोन केला तो मार्चच्या शेवटी. म्हणाली, "ताई, पलंग होडीचा पाहिजे. आणि शाळा सुरू व्हायच्या आत."

म्हणजे हातात दोन महिने. खानापूरकडे जूनमध्ये पाऊस धरला की माडीवर लाकूड चढवणं, रंग सुकवणं, काहीच धड होत नाही. शाळेची तारीख त्यांच्या डोक्यात होती, माझ्या डोक्यात मिरगाची.

अडचण काय होती

पहिल्या भेटीत माझ्यासमोर दोन होड्या ठेवल्या गेल्या. एक आईच्या मोबाईलमधली: पांढरी-निळी, दोन मजली, वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल, बाजूला घसरगुंडी, पुढे जहाजाचं गोल चाक. अशी चित्रं आता प्रत्येक गिऱ्हाईक घेऊन येतं. दुसरी होडी वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने काढलेली. बूड काळं, वर लाल पट्टा, आणि एका बाजूला दोन काठ्यांनी जोडलेला लांब ओंडका. मला वाटलं चुकून काढलाय. पोरगा म्हणाला, "ती उलांडी. ती नसली तर होडी उलटते."

त्याचं बरोबर होतं. मालवणच्या लहान होड्यांना बाजूला तोल धरायला जो तरंगता ओंडका असतो तो उलांडी. सहा वर्षांच्या पोराने तो बघून, विचारून, लक्षात ठेवला होता. आम्ही मोठी माणसं मोबाईलमधल्या चाकावर अडकलो होतो, आणि तसलं चाक त्या होडीला नसतंच. तिथे सुकाणू असतं, वल्हं असतं.

खोलीच्या अडचणी वेगळ्या. जिना सव्वादोन फूट रुंद आणि मध्ये वळण, त्यामुळे आख्खा पलंग वर जाणं अशक्य. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते हे चुन्याच्या पोपड्यांवरूनच दिसत होतं. छत उतरतं: भिंतीपाशी सात फूट, मध्ये दहा. मधल्या तुळईला पंखा, त्याची पाती जमिनीपासून बरोबर आठ फुटांवर.

पहिला निर्णय: उंची

वडिलांचं मन दुमजली होडीवर होतं. खोली लहान आहे, खाली टेबल बसेल, हा त्यांचा मुद्दा काही चूक नव्हता. मी टेप काढून भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या. वरची फळी साडेचार फुटांवर. त्यावर चार इंचाची गादी. त्यावर उभा राहिलेला पोरगा पावणेचार फुटांचा. बेरीज आठ फूट सात इंच, आणि पंख्याची पाती आठ फुटांवर. हात वर न करताच डोकं पात्यांत. वडील खुणांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ऱ्हाऊदे. खालचीच करा."

परदेशी चित्रं उचलताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या चित्रांमधल्या खोल्यांत पंखा नसतो. अमेरिकेतले बंक बेडचे सुरक्षेचे नियम मी अशा वेळी हाताशी ठेवते: वरच्या पलंगावर सहा वर्षांखालच्या मुलाला झोपवू नये, कठडा गादीच्या वर किमान पाच इंच हवा, आणि साडेतीन इंचांहून मोठी फट ठेवू नये, कारण त्यातून लहान मुलाचं धड निसटतं आणि डोकं अडकतं. मुलगा सहाचा होता खरा, पण तीन वर्षांची बहीण शिडीवर चढायला किती वेळ लावणार? एक दुपारसुद्धा नाही.

म्हणून बसकी होडी ठरली. झोपायची पातळी पंधरा इंचांवर, खाली दोन मोठे ड्रॉवर, गादीच्या वर सहा इंच होडीची बाजू. हा निर्णय आजही मला पूर्ण बरोबर वाटतो.

दुसरा निर्णय: लाकूड कोणतं

इथे तीन मतं होती.

आजोबांचं मत साधं होतं. बांधावरचा एक साग तीन वर्षांपूर्वी वाऱ्याने पडला होता. रीतसर परवानगी घेऊन गिरणीवर त्याच्या फळ्या पाडल्या होत्या आणि त्या गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. "तीन वर्सं झाली की वो पडून. आणि काय वाळायचं ऱ्हायलंय त्यात?"

वडिलांचं मत पाहुण्यांवर अवलंबून. चंदगडकडचे एक नातेवाईक स्वस्तात सागवान द्यायला तयार होते, शिनोळीवरून टेम्पो अर्ध्या तासात आला असता. अंतर किरकोळ, पण मध्ये कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द. सागवान एका राज्यातून दुसऱ्यात न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. तो काढेपर्यंत मिरग उजाडला असता, आणि परवान्याशिवाय आणायचं तर मी त्या कामात नाही. हा विषय चहा संपेपर्यंत मिटला.

माझं मत मिश्र होतं. सांगाडा, पट्ट्या आणि ड्रॉवर घरच्या सागाचे, होडीच्या बाजू आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं निमुळतं टोक, प्लायची. बाजूंना वळण हवं होतं आणि जाड सागाची फळी वळवायची म्हणजे वाफ, साचा, वेळ. यातलं काहीच नव्हतं.

प्लाय आणायला गेलो तर वडिलांनीच दुकानदाराला सांगितलं, "होडी आहे, तेव्हा मरीनच पाहिजे." दुकानदार हसला नाही, मीही नाही. तसं बघितलं तर या नावाचा उपयोग इथे खरोखर होता. घर पाण्यात नसलं तरी चार महिने हवाच ओली असते. फक्त फळीवर "मरीन" लिहिलंय म्हणून भागत नाही, आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का आणि परवाना क्रमांक बघावा लागतो. आयएस ३०३ वेगळं, ते सर्वसाधारण वापराचं. पहिल्या दुकानातल्या फळीवर मोठ्या अक्षरांत "मरीन" होतं, शिक्का पुसट होता. मिस्त्रींनी वीतभर तुकडा मागून घेतला आणि आजींच्या न्हाणीतल्या हंड्यात टाकला. तिथे चूल सकाळपासून पेटलेली असते. खऱ्या ७१० च्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात. आमचा तुकडा संध्याकाळी बाहेर काढला तेव्हा त्याची पानं सुटली होती, जुन्या वहीसारखी. आजी म्हणाल्या, "असल्याची होडी केली असती तर पोरगं बुडालं असतं." दुसऱ्या दुकानातून आणलेला तुकडा दोन दिवस त्याच हंड्यात होता आणि जसाच्या तसा निघाला.

आजोबांच्या सागाच्या बाबतीत मात्र मी इतकी काटेकोर राहिले नाही. ओलावा मोजायचं दोन पिनांचं यंत्र माझ्याकडे आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फळ्यांना लावलं, आकडा आला दहा टक्के. झकास वाळलंय, असं म्हणून मी यंत्र पिशवीत टाकलं. या प्रकरणातली माझी खरी चूक इथे झाली आणि त्या वेळी ती मला अजिबात दिसली नाही.

आकार, आणि गादीचा प्रश्न

होडी पुढे निमुळती, गादी चौकोनी. पहिल्या आराखड्यात मी गादीच नाळेपर्यंत नेली होती. आपल्याकडे कापसाची गादी शिवणारे कुठल्याही आकाराची शिवून देतात, त्यामुळे ते शक्यही होतं. पण मग चादरी कुठून आणायच्या? आणि पोराला होडीचा कंटाळा आला की ती गादी कुठे घालायची? आईने विचारलेला हा दुसरा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता.

त्यामुळे पलंग सरळ चौकोनी केला, सव्वासहा फूट बाय तीन फुटांची नेहमीची गादी बसेल असा. नाळ वेगळी, दोन फुटांची, पुढे बोल्टने जोडलेली. वर झाकण, आत खेळणी. उद्या पोरगा मोठा झाला तर चार बोल्ट काढायचे, मागे साधा पलंग उरतो. आणि तीन भागांत केल्यामुळे जिन्याचं वळणही सुटलं.

नाळेच्या वळणासाठी मिस्त्रींनी आधी अर्ध्या इंची प्लायला मागून करवतीच्या उभ्या खाचा मारून वाकवून बघितलं. दोन खाचांच्या मध्ये टचकन चीर गेली. मग सहा मिलिमीटरचे दोन थर एकावर एक, मध्ये पाण्याला टिकणारा गोंद, सांगाड्यावर शिकंजे लावून रात्रभर दाबून ठेवले. वरच्या पानाच्या रेषा उभ्या ठेवल्या की प्लाय निमूट वळतं, आडव्या ठेवल्या की भांडतं. याच्यामुळे आठ बाय चारची फळी आडवी कापावी लागते आणि बरंच वाया जातं. त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरायचे मी विसरले होते.

उलांडीचं काय करायचं यावर एक दिवस गेला. बाजूला ओंडका जोडला तर रात्री कुणीतरी त्यात पाय अडकून पडणार. शेवटी ती सुटी केली: आठ इंच उंचीचं लांब बाकडं, त्याला होडीच्या दिशेने दोन काठ्या, पण जोडलेल्या नाहीत. दिवसा बसायला, रात्री पलंगाला लावून ठेवायला. धाकटी झोपेत घरंगळली तर जमिनीऐवजी बाकड्यावर. पोराने येऊन बाकडं पलंगाला लावून बघितलं, मागे सरून डोळे बारीक केले आणि मान हलवली. सगळ्या कामात मला मिळालेली हीच एक पोचपावती.

डोलकाठी डोक्याच्या बाजूला उभी केली आणि शिडाच्या जागी मच्छरदाणी अडकवली. आईच्या फोटोत पांढऱ्या कापडाचं शीड होतं, नुसतं शोभेचं. भातशेतीच्या गावात डास कुणाला चुकलेत? दोरखंडाची सजावट मात्र मी कापायला लावली. काथ्याची दोरी दिसायला छान, पण लोंबती दोरी आणि त्यात फास बसेल असा वेढा मुलांच्या पलंगावर नको. वीतभराहून लांब टोक कुठेही सोडलं नाही. ड्रॉवरच्या मुठी तेवढ्या दोरीच्या गाठींच्या केल्या.

रंगाबद्दल एकच. पेंटरकडे आधीच्या कुठल्याशा कामाचा उरलेला इनॅमलचा जुना डबा होता, बरोबर हवा तसा लाल. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. डबा त्याच्या आधीचा की नंतरचा हे कळायला मार्ग नव्हता आणि हे पोरगं अजून पेन्सिल चावतं. डबा परत पाठवला. पाण्यातला रंग आणला, वर्कशॉपमध्येच मारला आणि वर न्यायच्या आधी पंधरा दिवस उघड्यावर ठेवला. माडीवर रंगवला असता तर पावसात बंद खिडक्यांमागे त्या वासात पोराला झोपावं लागलं असतं.

नाळेवर नाव लिहायचं होतं. मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. आपल्या भागात हा प्रश्न पलंगापाशीही येऊन थांबतो, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. शेवटी पोराने मासा काढला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात होडी माडीवर चढली. ओल्या भिंतीपासून तीन इंच सोडून ठेवली. गादीखाली सबंध प्लाय न घालता सागाच्या पट्ट्या टाकल्या, मध्ये दोन-दोन बोटांची फट, म्हणजे गादीला खालून हवा. अंदाज ४६,००० रुपयांचा होता, बिल ५८,५०० झालं. वडिलांनी कुरकुर न करता दिले, पण "मॅडम, होडी महाग पडली" एवढं म्हणालेच.

जुलैमध्ये काय झालं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन. "ड्रॉवर उघडेनात. पोराने ओढलं तर दोरी हातात आली." आणि रेनकोट उजव्या ड्रॉवरमध्ये.

मी दोन दिवसांनी पोचले. मिस्त्री आदल्या दिवशीच जाऊन आले होते. डावा ड्रॉवर त्यांनी हातोडीने ठोकून बाहेर काढला होता आणि वरून सबंध एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, रंधा मारला होता. उजव्याला हात लावायच्या आत पावसाने लाईट गेली, म्हणून राहिला.

मी यंत्र लावलं. एप्रिलमधले दहा टक्के आता सोळा झाले होते. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. साग त्यातल्या त्यात शहाणा. ओला कच असताना ते पार कोरडा होईपर्यंत तो वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण पावणेसहा टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के. आजोबांच्या फळ्या आडव्या पाडलेल्या, म्हणजे जास्तीचा आकडा लागू. सहा टक्के ओलावा वाढला तर अकरा इंच उंचीची फळी तीन मिलिमीटर वाढते. तीन मिलिमीटर म्हणजे आपलं एक सूत. आणि मी एप्रिलमध्ये वर-खाली मिळून फट सोडली होती अर्धं सूत.

लाकूड वाळलं होतं का, हे मी विचारलं. वाळलेलं लाकूड पावसाळ्यात किती परत पिणार, हे विचारलं नाही. शिवाय ड्रॉवरचा दर्शनी भाग चौकटीच्या आत बसणारा केला होता, होडीच्या फळ्या सलग दिसाव्यात म्हणून. वरून झाकणारा केला असता तर फट कितीही सोडता आली असती आणि दिसलीही नसती.

मी मिस्त्रींना फोन करून जरा आवाज चढवला. पावसात फुगलेलं लाकूड रंधायचं नाही, उन्हाळ्यात फट पडेल, एवढं कळत नाही? ते म्हणाले, "अक्का, पोराचा रेनकोट आत हाय. फागुनात काय हुतंय ते फागुनात बघू." मी उजवा ड्रॉवर रंधू दिला नाही. रेनकोट पट्ट्यांच्या फटीतून वरून हात घालून काढला आणि कपडे दुसरीकडे ठेवायला सांगितले. दसऱ्याच्या सुमाराला तो आपोआप मोकळा झाला.

अशा रीतीने एकाच पलंगाला एक मिस्त्रींचा ड्रॉवर आणि एक माझा ड्रॉवर झाला. पुढच्या फेब्रुवारीत मी मुद्दाम बघायला गेले. माझा उजवा ड्रॉवर देखणा, फट अर्ध्या सुताची. मिस्त्रींच्या डाव्याला वरून दीड सुताची फट, लांबूनही दिसणारी. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पुढचा जुलै आला आणि माझा ड्रॉवर पुन्हा अडकला. मिस्त्रींचा वर्षभर चालत होता.

ड्रॉवरचं माप फुगलेल्या लाकडावरच ठरवावं लागतं, हे मिस्त्रींनी हिशोब न मांडता केलं होतं. मी हिशोब बरोबर मांडून उत्तर चुकीचं काढलं.

दुसरा त्रास लहान होता. पहिल्याच ऑगस्टमध्ये नाळेतल्या खेळण्यांवर बुरशी धरली. कापडी अस्वल टाकून द्यावं लागलं. गादीखाली हवा खेळती ठेवायची अक्कल मला होती, पण नाळेची पेटी चारी बाजूंनी बंद केली होती. तिच्यावर तीन गोल खिडक्या रंगवल्या होत्या, नुसत्या दिसायला. मिस्त्रींनी त्याच गोलांवर गिरमिट लावून खरी भोकं पाडली, तीन-तीन इंचांची, साडेतीनच्या आतली. कडा घासून गुळगुळीत केल्या. त्यानंतर बुरशी नाही. खोलीतल्या सगळ्या सजावटीत आता त्या खिडक्यांनाच काहीतरी काम आहे, त्यांना आणि मच्छरदाणीच्या शिडाला.

पुन्हा करायचं झालं तर

ड्रॉवरचा दर्शनी भाग वरून झाकणारा, चौकटीवर दोन-दोन सूत चढणारा करेन. सलग फळ्यांचा देखावा जातो, तो जाऊ दे. किंवा रुंद सागाऐवजी १८ मिलिमीटरचं प्लाय आणि कडेला सागाची पट्टी. उभ्या-आडव्या पानांमुळे प्लाय रुंदीत जवळपास हलत नाही. आजोबांना ते पटलं नसतं, घरचा साग असताना प्लाय कशाला म्हणाले असते. त्यांना समजवायचा कंटाळा हेही मी सागाचे ड्रॉवर करण्यामागचं एक कारण होतं. हे त्या वेळी मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

मोजमापाच्या वेळी यंत्राचा एकच आकडा घेऊन थांबणार नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात त्याच घरातलं जुनं लाकूड, दाराची फळी, देव्हारा, पावसात किती फुगतं हे घरच्यांना विचारलं की कळतं. आजींनी नंतर सांगितलं, माडीचं दार आषाढात लागतच नाही, दगड लावून ठेवतात. पहिल्या भेटीत मी तो दगड बघितला होता. त्याला ठेच लागली होती मला.

शाळेची मुदत मी मानायला नको होती, असंही एक मत आमच्या वर्कशॉपमध्ये आहे. सांगाडा मेमध्ये वर न्यायचा, ड्रॉवरची तोंडं मात्र जुलैत, लाकूड पूर्ण फुगल्यावर बसवायची. पटतं, पण मेमध्ये तोंड नसलेले ड्रॉवर देऊन पूर्ण पैसे मागायची हिंमत मला नाही. नाळेतला वाया जाणारा प्लाय आता मी अंदाजात आधीच धरते.

मिस्त्रींवर आवाज चढवल्याबद्दल त्यांची माफी मागितली, त्या दुसऱ्या जुलैत. ते म्हणाले, "चालायचंच वो अक्का," आणि चहा मागवला.

सध्याची स्थिती

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरमध्ये, उजव्या ड्रॉवरला माझ्या खर्चाने नवा दर्शनी भाग बसवला, प्लायचा, वरून झाकणारा. तो तिसऱ्या पावसाळ्यात एकदाही अडकला नाही. डोलकाठी किंचित हलते, तिचा बोल्ट बदलायचा आहे. मुलगा आता आठचा आहे. वल्हवणं बंद झालंय, पण नाळ काढू का विचारलं तर नको म्हणतो.

डाव्या ड्रॉवरलाही तसाच नवा भाग लावून देते म्हटलं, तर आईने थांबवलं. धाकटी आता लिहायला लागली आहे. वरच्या त्या दीड सुताच्या फटीतून ती भावासाठी चिठ्ठ्या आत टाकते आणि तो शाळेतून आल्यावर ड्रॉवर उघडून वाचतो. मिरग लागला की फट बुजत जाते आणि कागद जाईनासा होतो. मग दसऱ्यापर्यंत तिचं टपाल बंद.